नुसतं 'नाद खुळा' म्हणून फोटो सुधारत नाही

कोल्हापुरात फोटो काढणाऱ्यांची कमी नाही. रविवारी सकाळी उजाडायच्या आत रंकाळा तळ्यावर जाऊन बघा, संध्यामठाच्या समोर ट्रायपॉड लावून चार-पाच जण उभे असतातच. आमचाही असाच एक ग्रुप आहे, सगळे नोकरीधंदा सांभाळून हौसेनं फोटो काढणारे, कोण बँकेत, कोण शिरोली एमआयडीसीत, दोन-तीन कॉलेजची पोरं, एक रिटायर्ड ड्रॉइंगचे सर आणि एक वहिनी ज्या फक्त मोबाईलवर काढतात. फिरून झालं की मिसळ, आणि मिसळीनंतर चहा घेत एकमेकांचे फोटो बघायचे.

आणि तिथंच गाडी अडते. फोटो समोर आला की "नाद खुळा भावा", "विषय हार्ड", "एक नंबर", झालं, पुढचा फोटो. नाहीतर मग दुसरं टोक, एखादा म्हणतो "हे काय काढलंयस, डिलीट कर". एका पोराला असंच कुणीतरी तोंडावर म्हणालं तर त्यानं नंतर कितीतरी दिवस कॅमेरा आणला पण फोटो काही दाखवले नाहीत. मला खरंच वाईट वाटलं, कारण त्याचा फोटो वाईट नव्हता, हॉरिझॉन म्हणजे क्षितिजाची रेघ वाकडी होती आणि तळ्याचं पाणी बरोबर अर्ध्यावर कापलं होतं, या दोन गोष्टी अर्ध्या मिनिटात सांगून झाल्या असत्या.

ज्या गावात चित्रकार आबालाल रहिमानांनी रंकाळा आणि कोटितीर्थ तळं रंगवलं, सिनेमा काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला, त्या गावात बघायची नजर आहेच हो. बघितलेलं नीट सांगायची सवय मात्र आपल्याला लावून घ्यायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की समोरच्याला काय काढायचं होतं हे आधी विचारा आणि मगच सल्ला द्या. ऐकायला साधं वाटतं पण याच्यानं सगळा सल्लाच बदलतो. एक उदाहरण सांगतो.

आमच्यातल्या एकानं तालमीतला फोटो आणला होता. दोन पैलवान हौद्यात, एक जण पट काढायला (समोरच्याचा पाय ओढायला) वाकलेला, वरच्या खिडकीतनं तिरका उजेड आलेला, अंगाला लाल माती. फोटो छान होता पण पट काढणाऱ्याचा हात हललेला, आणि डाव्या कोपऱ्यात अंधारात कुणीतरी बसलेलं अर्धवट दिसत होतं. लगेच सुरू झालं. एक म्हणाला कोपरा क्रॉप कर, दुसरा म्हणाला पन्नासची एक पॉइंट आठ लेन्स घे, ती जास्त उजेड घेते, फुल ओपन करून मार, शटर फास्ट मिळंल. दोन्ही सल्ले तसे चुकीचे नाहीत. मग ड्रॉइंगच्या सरांनी फोटो काढणाऱ्याला विचारलं, "तू बटण का दाबलंस तेव्हा?" तर तो म्हणाला, "सर, वस्ताद बघत होते ना कोपऱ्यातनं, पोराचा डाव बसतोय का ते, म्हणून."

म्हणजे ज्याला आम्ही कापून टाकायला निघालो होतो तोच फोटोचा विषय!

आता बघा सल्ला कसा बदलतो. सेटिंग बघितलं तर आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) 800, एफ (लेन्सचं तोंड, आकडा लहान तेवढं जास्त उघडं) 4, शटर 1/60 सेकंद. कुस्तीतली हालचाल थांबवायची तर 1/60 पुरत नाही, 1/500 च्या आसपास पाहिजे, म्हणजे तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड कुठूनतरी आणायला लागणार. लेन्स एफ 1.8 ला उघडली तर सव्वादोन स्टॉप तिथंच मिळतात, आयएसओ 1600 पर्यंत नेला की काम झालं, पण मागचे वस्ताद पार धूसर होऊन जातील, मग उरलं काय. त्यापेक्षा एफ 4 तसाच ठेवायचा, आयएसओ 6400 ला न्यायचा आणि नॉइज येईल ती येऊ द्यायची, तालमीच्या फोटोला थोडी खरखर शोभते असं माझं मत आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक पाऊल उजवीकडं सरकायचं म्हणजे पैलवानाच्या कोपराआड वस्तादांचा चेहरा जाणार नाही. ते पाऊल कुठल्याच लेन्समध्ये मिळत नाही. हे त्यानं ऐकलं, डोक्यात बसलं, पुढच्या वेळी तालमीत गेल्यावर नेमकं काय करायचं हे त्याला माहीत झालं. सल्ला दिल्याचा उपयोग हाच की नाही.

विचारायच्याही आधी अजून एक करायचं, गप्प बसून बघायचं. मिनिटभर तरी. मोबाईलवर बोटानं सरकवत सरकवत बघितलेल्या फोटोवर मत देऊ नये. आमचे सर डोळे किलकिले करून बघतात, पेंटिंग करणारे सगळे हे करतात, बारीकसारीक तपशील जातात आणि नुसते उजेड-अंधाराचे ठिपके उरतात, मग कळतं नजर खरी कुठं ओढली जातेय. वहिनींनी महाद्वार रोडवरच्या एका फुलवाल्या आजींचा फोटो आणला होता, गजरा बांधणारे हात, बोटांवरच्या सुरकुत्या, दोरा दातात धरलेला, इतका सुंदर फोटो. पण डोळे किलकिले केले की दिसायची ती आजींच्या मागं लटकवलेली पांढरी कॅरीबॅग. सरांनी "बॅकग्राउंड खराब आहे" असं म्हटलं नाही. ते म्हणाले, "माझी नजर पहिल्यांदा त्या पिशवीवर गेली, मग हातावर आली." बस. वहिनींनी स्वतःच फोटो परत बघितला आणि म्हणाल्या, "अगंबाई, थोडं खाली बसून काढला असता तर ती पिशवी आजींच्या आड गेली असती." बरोबर आहे, वरून खाली बघत काढला की मागची जमीन आणि सामान सगळं येतं, आजींच्या डोळ्याच्या उंचीवर बसलं की मागचं बदलतं.

नजर कुठं गेली हे सांगायला फोटोग्राफीचं कसलंही शिक्षण लागत नाही, म्हणून नवीन पोरांनीही बिनधास्त सांगावं. आणि समोरच्याला ते टोचत नाही कारण तुम्ही तुमच्या डोळ्याचं सांगताय, त्याच्या अकलेचं नाही.

वहिनींवरनं आठवलं, "मोबाईलवर काढलाय असं वाटतच नाही" हे कौतुक कृपया बंद करा. आणि चांगला फोटो दिसला की पहिला प्रश्न "कॅमेरा कुठला?" हा पण. गजरा बांधणारे हात बघणारा माणूस त्यात कुठंच राहत नाही.

आता ज्योतिबाचं. चैत्र यात्रेनंतर आमच्याकडं सगळे फोटो गुलाबी असतात, सासनकाठ्या, गुलाल, चांगभलं, आणि दरवर्षी एकच तक्रार की गुलालाचा नुसता गुलाबी ठप्पा दिसतोय, त्यात ना माणसाचं तोंड कळतंय ना धुरळा. यावर "कलर जरा कमी कर" असं म्हणून सोडून देऊ नका, कारण दुखणं दोन जागी असू शकतं. एक तर एडिट करताना सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) ओढलंय, मग ते मागं घेतलं की तपशील परत येतो. नाहीतर काढतानाच लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा भाग) पार जळालाय, म्हणजे त्यात तपशीलच उरला नाही, मग जेपेगमध्ये तो परत येत नाही. बऱ्याच जणांना कळत नाही की साधा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसत असतो आणि तरी लाल रंग उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला असतो, त्यासाठी कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम चालू करून बघायला लागतो. गुलालात पाऊण-एक स्टॉप कमी एक्स्पोज करायचं, रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढायचं, आणि एडिटला सगळे रंग न ओढता फक्त गुलाबी-लालला हात लावायचा. म्हणून मत द्यायच्या आधी ओरिजनल फाईल मागा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला असला तर तो दाबून लहान झालेला असतो, त्यावरनं "शार्प नाही" म्हणणं हा सरळ अन्याय आहे, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. (आणि गुलालात लेन्स बदलू नका रे बाबांनो, सेन्सरवर गेला की निघता निघत नाही.)

एका फोटोवर किती बोलायचं हे पण आहेच. मी एकच गोष्ट सांगतो, फार तर दोन. वाकडा हॉरिझॉन, फोकस, क्रॉप, कलर, वॉटरमार्क केवढा मोठा टाकलाय, सगळं एका दमात ऐकवलं की माणूस त्यातलं काहीच घेऊन जात नाही. सगळ्यात जास्त फरक पडेल ती गोष्ट निवडायची, आणि चांगलं काय आहे ते पण तेवढंच नेमकं सांगायचं. "उजेड मस्त" म्हणण्यापेक्षा "खिडकीचा उजेड फक्त खांद्यावर पडलाय म्हणून माती दिसतेय" म्हटलं की त्याला कळतं काय जपायचंय.

आणि त्यानं नाही ऐकलं तर नाही ऐकलं. फोटो त्याचा आहे. सगळ्यांच्या सल्ल्यानं क्रॉप करत गेलं की सगळ्यांचे फोटो सारखे दिसायला लागतात, आमच्याकडं मधे रंकाळ्याचे सूर्यास्त तसे झाले होते, कुणाचा कुठला ओळखू येईना.

हल्ली आम्ही एक सुरू केलंय ते मला फार आवडलंय. प्रत्येकानं तीन फोटो आणायचे आणि त्यातला एक असा आणायचा की जो जमलाय का फसलाय हे आपल्यालाच ठरवता येत नाही. जमलेल्या फोटोवर कौतुक होतं आणि फसलेला कुणी आणत नाही, बोलण्यासारखं सगळं या मधल्या फोटोत असतं. तालमीतला तो फोटो असाच आला होता. कुणाला यायचं असेल तर या, कॅमेरा असो नसो, फक्त तो मधला फोटो घेऊन या आणि दाखवताना आधी काही सांगू नका, आम्ही बघतो, मग विचारतो.