डोनेगलचं घर, १:२४ : छप्पर पुन्हा बांधलं

हे घर म्हणजे आयर्लंडच्या वायव्येकडच्या डोनेगलमधल्या जुन्या गवती छपराच्या घराचं छोटं मॉडेल, खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढं. त्याच्या आधी टाकलेल्या फोटोंत छपरावर काड्यांचे टाके दिसत होते. ते सगळं उचकटून काढलं. हेझल किंवा विलोच्या काड्या वाकवून गवत टाचायची रीत आयर्लंडच्या मध्य आणि पूर्व भागातली. माझं घर डोनेगलच्या किनाऱ्यावरचं. तिथे अटलांटिकच्या वाऱ्यापुढे नुसतं टाचलेलं छप्पर टिकणं कठीण. म्हणून आढ्यावरून दोर टाकायचे आणि त्यांची टोकं वळचणीखाली भिंतीत बसवलेल्या दगडी खुंट्यांना बांधायची. आढंही गोलसर ठेवतात, वाऱ्याला धरायला कड मिळू नये म्हणून.

ग्रॅनाइटच्या कपच्या घासून २८ खुंट्या केल्या. दोरांसाठी मेणाचा दोरा चहाच्या पाण्यात उकळला, गवतासाठी काथ्या विंचरून घेतला. खऱ्या घरात वाशांवर आधी गवताळ मातीचे लांब पट्टे पसरतात आणि त्यावर शाकारणी होते. आतून वर पाहिलं की तेच दिसतात, म्हणून तो थर गाळायचा नाही असं ठरवलं होतं. फेव्हिकॉलमध्ये भिजवलेलं गोणपाट आणि चहाचा चोथा, मिश्रण छान जमलं.

भिंती २.५ सेंमी जाड, म्हणजे खऱ्या मापात ६० सेंमी. बाहेरून चुना दिला.

आता माझी सगळ्यात लाडकी जागा. चुलीशेजारी मागची भिंत थोडी बाहेर काढून पलंगापुरता कोनाडा करत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तिथे ऊब मिळे. वायव्येकडच्या घरांची ही खूण. त्यासाठी मागची भिंत कापून पुन्हा जोडावी लागली, दोन रविवार गेले, पण आता घर तिथलं वाटतं. चुलीवर भांडं टांगायला फिरता लोखंडी दांडा बसवलाय. जळण म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं पीट. रात्री निखारे राखेत झाकायचे, सकाळी फुंकर मारून फुलवायचे. आपल्याकडच्या चुलीचीही तीच रीत होती, त्यामुळे राखेचा ढीग करताना हात आपोआप चालला.

पुढचं काम अर्ध्या दाराचं. खालची फळी बंद ठेवली की कोंबड्या बाहेर आणि पोरं आत राहत, वरून उजेड येई. बिजागऱ्या कापून झाल्यात.

एक विचारायचंय : वाशांवरची वर्षानुवर्षांच्या धुराची चकाकती काजळी कशी आणता? कोळशाची पूड लावून पाहिली, पण ती फारच कोरडी दिसते.