हाफटाइमला कोण पुढे? चाळीस पहाटांचा हिशेब

भाचा न्यू जर्सीत असतो. दिवाळीत फोनवर म्हणाला, "मामा, इथं बास्केटबॉलची मॅच कोण जिंकणार एवढ्यावरच नाही, हाफटाइमला कोण पुढे असेल यावरही बाजार चालतो." म्हटलं, म्हणजे मटकाच, फक्त इंग्रजी शिकलेला. तो हसला आणि समजावू लागला. अंदाज खरा ठरला तर एका कॉन्ट्रॅक्टला एक डॉलर, नाही तर शून्य. भाव 58 सेंट असेल, तर बाजाराला ती शक्यता साधारण 58 टक्के वाटते.

पैसे लावायचा प्रश्नच नव्हता. 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ आपल्याकडे बंद झालेत. मांडवीतल्या बोटींवर जुगार खेळायला आम्हा गोंयकारांनाही मज्जाव. राहिली वही. ठरलं असं की मी आदल्या रात्री शक्यतेचा माझा टक्क्यांतला आकडा लिहायचा आणि मगच भाच्याने पाठवलेला भाव उघडून बघायचा.

थंडीत न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात, तेव्हा फोंड्यात पहाटेचे साडेपाच. हाफटाइमपर्यंत साडेसहा होऊन जातात आणि गल्लीत पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो. बायको म्हणायची, उठलाच आहात तर उंडे (गोल पाव) तरी घ्या. घेत होतो.

पहिला फटका तिसऱ्याच मॅचला बसला. हाफटाइमला दोन्ही संघ बरोबरीत. मी म्हटलं, अर्धे गुण माझे. भाचा म्हणाला, "नियम वाचलेस का? बरोबरी हा तिसरा पर्याय आहे." म्हणजे यजमान पुढे म्हणणारा बुडाला, पाहुणे पुढे म्हणणाराही बुडाला. तिन्ही पर्यायांचे विकत घ्यायचे भाव मी एकदा जोडून पाहिले, तर बेरीज एका डॉलरच्या वर! वरचे ते दोन-तीन सेंट खरेदी-विक्रीच्या भावांतल्या फरकाचे.

दुसरी चूक कळायला बरेच दिवस गेले. तगडा संघ घरच्या मैदानावर असला की मी डोळे मिटून 80 लिहायचो, आणि बाजार मात्र साठच्या आसपास. मला वाटायचं, या लोकांना बास्केटबॉल कळत नाही. पण एनबीएची, म्हणजे तिथल्या मोठ्या बास्केटबॉल लीगची, मॅच 48 मिनिटांची, हाफटाइम 24 व्या मिनिटाला. ताकदीचा फरक दिसायला अर्धाच वेळ. त्यात दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला बरेचदा मुख्य खेळाडू बाकावर बसतात आणि राखीव खेळाडू आघाडी घालवतात. शेवटी पंधरा गुणांनी जिंकणारा संघ हाफटाइमला दोनने मागे, असं मी कितीदा पाहिलं! शिवाय कोण जखमी, कोण खेळणार नाही, हे मॅचच्या तोंडावर कळतं. भाव हलतो, माझा आकडा वहीत झोपलेला.

चाळीस मॅच झाल्यावर हिशेब मांडला. त्याला ब्रायर स्कोअर म्हणतात. ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने 1950 मध्ये सुचवलेली रीत. 70 टक्के म्हटलं आणि तसं झालं, तर चूक 0.3, तिचा वर्ग 0.09. झालं नाही, तर 0.49. सगळ्यांची सरासरी काढायची, जितकी कमी तितकं बरं. प्रत्येक वेळी डोकं न लावता 50 लिहिलं तर उत्तर 0.25 येतं.

बाजाराचं आलं 0.23. माझं 0.27.

थोडक्यात, चाळीस पहाटा झोपून राहिलो असतो आणि वहीभर 50 लिहिलं असतं, तरी जास्त हुशार ठरलो असतो. भाच्याला कळवलं. म्हणाला, "मामा, चाळीस फार कमी, अजून खेळ." वहीच्या उरलेल्या पानांवर सध्या पोदेराचा हिशेब चाललाय.