आधी सुई, मग गोळी

मार्चमध्ये आई साताऱ्याहून न्यू जर्सीला आमच्याकडे राहायला आली होती. आमच्या नऊ वर्षांच्या गोल्डन रिट्रीव्हरचा, शेरूचा, गळा खाजवता खाजवता म्हणाली, "अगं, ह्याच्या जबड्याखाली सुपारीएवढं काय लागतंय?" मी चाचपलं. दोन्ही बाजूंना गाठी. मागच्या गुडघ्यांच्या पाठीमागेही.

जवळच्या दवाखान्यात नुसता हात लावून सांगितलं, लिम्फोमा आहे, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. आजच प्रेडनिसोन हे स्टेरॉइड सुरू करा, महिना-दोन महिने मिळतील. गोळ्या घेऊन आले, पण द्यायला हात धजेना. शेरू तर पोटभर जेवत होता, चेंडू आणून देत होता. शुक्रवारी कॅन्सरतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न: "स्टेरॉइड दिलंत का?" नाही म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी मरतात, गाठी ओसरतात आणि मग नमुन्यातून नेमका आजार ओळखणं अवघड होतं. पुढे केमोलाही दाद कमी मिळते.

नमुना मात्र त्यांनी सोमवारी घेतला. शनिवार-रविवार कुरिअरमध्ये पडून पेशी मेल्या असत्या, आणि फ्लो सायटोमेट्रीला, म्हणजे पेशींवरची प्रथिनं पाहून त्यांचा प्रकार ओळखणाऱ्या तपासणीला, पेशी जिवंतच लागतात. ते तीन दिवस फार जड गेले.

जबड्याखालची गाठ त्यांनी सोडून दिली, कारण ती हिरड्यांच्या दुखण्यानेही सुजते. गुडघ्यामागची घेतली. इंजेक्शनची साधी बारीक सुई, भूल नाही. शेरूचं डोकं माझ्या मांडीवर होतं; त्याने कानसुद्धा हलवला नाही. काचेवर थेंब पडला, तो त्यांनी दुसऱ्या काचेने अलगद पसरला. ह्या पेशी इतक्या नाजूक, की जरा जोर पडला तरी फुटतात. फॉर्मलिनची, म्हणजे नमुने टिकवायच्या रसायनाची, बाटली आधीच खोलीबाहेर नेली होती. तिच्या वाफेनेही स्लाइड बिघडते. मग पुन्हा दोनदा सुई घालून आलेलं सगळं सलाइन आणि सीरमच्या नळीत सोडलं, पाणी ढगाळ दिसेपर्यंत. नळी गोठू नये म्हणून कागदात गुंडाळून आईस पॅकशेजारी ठेवली आणि फोर्ट कॉलिन्सला, कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत पाठवली.

स्लाइडचा अहवाल आधी आला: पेशी लहान, लिम्फोमाच आहे का ते खात्रीने सांगता येत नाही. मी खूप रडले. आई शेजारी बसून राहिली.

मग फ्लोचा अहवाल आला. टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार), आणि त्यांच्यावर सीडी४५ हे प्रथिनच नाही. ही टी-झोन लिम्फोमाची खूण. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये हा प्रकार बराच आढळतो आणि फार सावकाश वाढतो. कित्येक कुत्री उपचारांशिवायही वर्षानुवर्षं बरी राहतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आत्ता केमो नको. गाठींवर लक्ष ठेवू. त्रास व्हायला लागला तर क्लोरॅम्ब्युसिल ही केमोची गोळी आणि प्रेडनिसोन आहेच."

महिना-दोन महिन्यांची मुदत दिलेला शेरू आता दहाचा झालाय. प्रेडनिसोनची ती डबी अजून कपाटात आहे, सील न फोडलेली. दर रविवारी मी त्याच्या गाठी मोजून वहीत लिहिते, आणि साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल येतो: "सुपारीएवढीच आहे ना गं?"