केनियाला निघण्यापूर्वी

पुढच्या महिन्यात आई-बाबांना पुण्याहून केनियाला न्यायचे असल्याने मी सर्वाधिक लक्ष पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीकडे दिले, कारण तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होते आणि ते नसल्यास भारतात परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. साठी ओलांडलेल्यांना या लसीचा धोका अधिक असतो, म्हणून बाबांना आधी डॉक्टरांकडे नेले. ते योग्यच झाले. लसीच्या प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेतील शिक्का आणि पासपोर्ट क्रमांक मी दोनदा ताडून पाहिला. व्हिसाऐवजी २०२४ पासून ऑनलाइन प्रवास-परवानगी लागते. नैरोबी उंचावर असल्याने तेथे हिवतापाचा धोका कमी आहे, मोम्बासाच्या किनाऱ्यावर मात्र प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यातच. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवाव्यात. २०१७ पासून केनियात त्यांवर बंदी आहे.