तुम्ही विचारलंत म्हणून: पांढऱ्या पेशींना रस्ता कोण सांगतं?

दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली काय बघता, असं कुणी विचारलं की मी मोबाइलवरची एक चित्रफीत दाखवतो. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके वळवळतायत. लसिका ग्रंथीतल्या, म्हणजे लिम्फ नोडमधल्या टी पेशी, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. मग हमखास प्रश्न येतो, "पण यांना कळतं कसं, कुठं जायचंय ते?"

ग्रंथीच्या आत तरी बहुतेक वेळा कळत नाही.

मी नवखा होतो तेव्हा एकदा सगळे ठिपके शिस्तीत एकाच दिशेला निघालेले दिसले. हरखून बाईंना बोलावलं. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "पेशी नाही, तुझा नमुना सरकतोय." मी तो घट्ट बसवलाच नव्हता. नीट बसवल्यावर दिसला तो निव्वळ गोंधळ. प्रत्येकीचं तोंड वेगळीकडे. ग्रंथीतली टी पेशी मिनिटाला साधारण 10 ते 12 मायक्रोमीटर चालते, म्हणजे स्वतःच्या लांबीपेक्षा जास्तच. पण दर दोनेक मिनिटांनी वळते, त्यामुळे तासभर पायपीट करूनही फार लांब गेलेली नसते. अगदीच मोकाट नसते म्हणा, आधारपेशींच्या जाळ्यावरून चालते.

हे भटकणंच तिचं काम आहे. एखाद्या विशिष्ट जंतूचा तुकडा ओळखणारी टी पेशी लाखात, कधी दहा लाखांत एक. तो तुकडा घेऊन त्वचेतून किंवा आतड्यातून आलेली डेंड्रायटिक पेशी ग्रंथीत पाय पसरून बसते, आणि टी पेशी येऊन तिला चाचपून जातात, तासाला शेकड्यांनी. आपला तुकडा कुणाकडे आहे हे आधी ठाऊक असायचा प्रश्नच नाही.

दिशा लागते ती ग्रंथीत शिरताना. रक्ताच्या वेगात पेशी वाहून जाणार, म्हणून आधी सिलेक्टिन नावाचे रेणू तिला हलकेच धरतात आणि ती रक्तवाहिनीच्या भिंतीवरून गडगडत जाते. भिंतीवरच्या केमोकाइनची, म्हणजे पेशींना बोलावणाऱ्या रेणूंची, खूण पटली की तिच्या अंगावरचे इंटिग्रिन नावाचे रेणू घट्ट पकड घेतात, मग ती भिंतीतून अंग चोरून आत. 1950च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्स यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की लसिकेतून, म्हणजे ऊतींतून गोळा होऊन ग्रंथींमधून वाहणाऱ्या द्रवातून, रक्तात येणाऱ्या या पेशी तिथेच संपत नाहीत, फिरून लसिकेत येतात.

ऊतींमधून जाताना मला सगळ्यात आवडतं ते फाट्यावरचं दृश्य. डेंड्रायटिक पेशी दुफाट्यावर आली की दोन्ही वाटांत हात घालते. तिच्या आतली सगळ्यात मोठी आणि अडणारी वस्तू म्हणजे केंद्रक. ते ती पुढे आणते, जणू मापाला लावते. जी वाट रुंद, तिकडे केंद्रक सरकतं आणि दुसरा हात मागे ओढला जातो. कितीदा पाहिलं तरी मी तिथे चित्रफीत मागे नेतो.

दुसरा नेहमीचा प्रश्न, घसा बसला की मानेत गाठ का येते? ग्रंथीत पेशी वाढतात हे खरंच, पण त्याआधी दार बंद होतं. ग्रंथीपेक्षा रक्तात आणि लसिकेत एस-वन-पी हे द्रव्य जास्त असतं, त्याच्या ओढीने टी पेशी एरवी अर्ध्या-एक दिवसात बाहेर पडतात. संसर्गाची हाक आली की त्या हे द्रव्य ओळखणारा ग्राही पृष्ठभागावरून आत ओढून घेतात. येणाऱ्या येतच राहतात, जाणाऱ्या अडकतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावर 2010मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं फिंगोलिमॉड हे औषध नेमकी हीच अडकवणूक करतं. रक्तातल्या लिम्फोसाइट (टी पेशी यांतल्याच) घटतात त्या मेल्यामुळे नव्हे, आत कोंडल्यामुळे.

काही दिवसांनी दार उघडतं, तेव्हा निवड झालेल्या, म्हणजे आपला तुकडा सापडलेल्या, पेशींच्या अंगावरचे ग्राही बदललेले असतात. आतड्याजवळच्या ग्रंथीत तयार झालेली टी पेशी बऱ्याचदा आतड्याकडेच परतते, कारण तिथल्या डेंड्रायटिक पेशी अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनवतात आणि त्यामुळे तिच्यावर आतड्याच्या रक्तवाहिन्या ओळखणारं इंटिग्रिन उगवतं. तेव्हा कुठं तिच्याकडे पत्ता असतो.