तरंगत्या पवनचक्कीचं सिम्युलेशन पडताळताना

आमच्या साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या जमिनीत घट्ट रोवलेल्या आहेत. समुद्र साधारण ६० मीटरपेक्षा खोल असला की तसा पाया परवडत नाही. मग चक्की तरंगत्या सांगाड्यावर उभी करून साखळ्यांनी तळाशी बांधतात. अशा चक्कीचं सिम्युलेशन कितपत खरं, हे तपासणं हा माझा एम.टेक.चा प्रकल्प होता.

चक्की डीपसीविंड या अमेरिकी संशोधन प्रकल्पाची, ५ मेगावॉटची. सॉफ्टवेअर ओपनफास्ट, ते फुकट मिळतं. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या मरीन संस्थेच्या टाकीत तिच्या १:५० मॉडेलवर चाचण्या झाल्या. त्यांचे प्रसिद्ध झालेले निकाल माझी कसोटी. वारा मी मुद्दाम बाजूला ठेवला: इतक्या छोट्या पात्यांवरची हवा खऱ्या पात्यांसारखी वागत नाही.

सुरुवात शांत पाण्यात. सांगाडा पुढे ओढायचा, सोडायचा आणि झुलू द्यायचा. पुढे-मागे एक झोका सुमारे १०७ सेकंदांचा. तो वेळ लवकर जुळला. झोका विरण्यानं मात्र रडवलं. मोठे झोके झपाट्यानं विरतात, छोटे रेंगाळतात. कारण पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गानुसार वाढतो. या विरोधाचा गुणांक बसवला तेव्हा सर म्हणाले, "जुळवलास ना? आता त्याला हात लावायचा नाही." माझ्या मते सगळी पडताळणी या एका वाक्यात आहे.

मग खवळलेल्या लाटा. लाटांच्या स्वतःच्या वारंवारतेवर आलेख छान बसले, पण १०७ सेकंदांच्या आसपास टाकीत दिसणारी हालचाल माझ्याकडे जवळपास नव्हतीच. जवळजवळच्या वारंवारतेच्या दोन लाटा मिळून त्यांच्या फरकाच्या वारंवारतेवर हळू ढकलत राहतात, आणि हे बल साध्या रेषीय गणितात येत नाही. विरोध कमी केला असता तर आलेख जुळलाही असता, पण शांत पाण्यातला झोका बिघडला असता. म्हणून फरकाच्या वारंवारतेवरची ही बलं, म्हणजे द्वितीय क्रमाची बलं, गणितात घातली. तफावत घटली, संपली नाही. ओसी५ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातही सिम्युलेशननं कमाल भार आणि थकवा-भार (पुन्हा पुन्हा येऊन सांगाडा झिजवणारे भार) सरासरी सुमारे २० टक्के कमीच दाखवले होते.

अहवालात तफावतीचा आलेख मी पहिल्याच प्रकरणात घेतला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मग हे मॉडेल वापरायचं का?" मी म्हणाले, लाटांबरोबरच्या डोलण्यासाठी खुशाल वापरा, साखळ्यांचं आयुष्य मात्र यावरून ठरवू नका.