दहावीच्या मुलाची झोप: आधी उठण्याची वेळ धरा

तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. सातच्या शाळेसाठी सहाला उठायचं, तर दहाला डोळा लागायला हवा. या वयात नेमकं तेच जमत नाही. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन वयात येताना तास-दोन तास उशिरा वाढू लागतं. अकराला टक्क जागं असलेलं पोर आळशी नसतं, कृपा करून त्याला तसं म्हणू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं सांगितलं. चांगलंच झालं, पण उशिराच्या शाळेची खरी गरज आठवीच्या पुढच्यांना आहे.

"लवकर झोप" म्हणून दटावल्याने झोप येत नाही. आधी उठण्याची वेळ पक्की करा, रविवारीही तासाभराहून जास्त फरक नको. उठल्यावर १५-२० मिनिटं गच्चीत किंवा गॅलरीत, उजेडात. मग झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. बारावरून साडेदहाला यायला दोन-अडीच आठवडे लागतात, म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हे सुरू करून उपयोग नाही.

घडी बहुतेक वेळा रविवारीच मोडते. अकरापर्यंत लोळलं की त्या रात्री झोप लागत नाही आणि सोमवार पेंगत जातो. दुसरं कारण चहा. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असू शकतं, तेव्हा चारनंतर दूध किंवा ताक द्या. दुपारी डुलकी हवीच असेल तर २० मिनिटं, तीही चारच्या आत. मोबाईल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, गजराला साधं घड्याळ.

पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवणं रात्री आठला झोपणाऱ्या मुलालाच परवडतं. अकराला झोपलेल्याला चारला उठवलं तर पहाटेची स्वप्नांची झोप कापली जाते. वाचलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतच चालतं, त्यामुळे पाठ केलेलं पेपरात ऐन वेळी आठवत नाही. सकाळच्या सत्राचा बोर्डाचा पेपर ११ ला असतो. सहा-साडेसहाला उठून उजळणीला भरपूर वेळ मिळतो.

एवढं करूनही मूल दिवसा पेंगत असेल, रोज घोरत असेल किंवा तोंड उघडं ठेवून झोपत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या की आठ तास झोपूनही झोप पुरत नाही.